पडद्यावरचे विमान आणि हवेतले विमान

यवतमाळ शहराबाहेर भारी या गावी विमानांची एक धावपट्टी आहे. समुद्रसपाटीपासून ही भूमी सुमारे ४५० मीटर उंच. वैशाखातील दुपारी या भागातील उष्णतामान ४४ अंशांपर्यंत चढते; पौषातील पहाटे तेच १० अंशांच्या आसपास येऊन ठेपते. या दोन वेळांमधील अंतर मनुष्याला अंगावरील घामाने किंवा अंगावरील घोंगडीने कळते. विमानाला ते निराळ्या रीतीने कळते. हवा तापली म्हणजे पसरते, आणि पसरली म्हणजे विरळ होते. त्याच धावपट्टीवरील एक घनमीटर हवा पौषातील पहाटे जेवढी भरते, त्याहून वैशाखातील दुपारी सुमारे ११ टक्क्यांनी हलकी भरते. पंखाला आधार देते ती हीच हवा. इंजिनाच्या पोटात जाऊन इंधन जाळते तीही हीच. आणि पंख्याची पाती जिला मागे लोटून विमान पुढे नेतात तीही हीच. तेव्हा एका वेळी तिन्ही बाजूंनी तूट येते. पहाटे ४०० मीटर धावून उठणारे साध्या इंजिनाचे लहानसे विमान वैशाखातील दुपारी ५०० मीटरांच्या घरात धाव घेतल्यावाचून उठत नाही.

मे महिन्यातील यवतमाळची हवा नोव्हेंबरातील थंड सकाळच्या श्रीनगरच्या हवेइतकी विरळ असते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. कारण श्रीनगरचा विमानतळ १६०० मीटरांहूनही अधिक उंचीवर आहे. १९४७ च्या नोव्हेंबरात भारतीय हवाई दलाची स्पिटफायर विमाने त्या तळावरून उडाली, तेव्हा त्यांच्या पंखांखाली जी हवा होती तिच्याच तोलाची हवा वऱ्हाडातील उन्हाळा आपल्या धावपट्ट्यांवर दरसाल आणून ठेवतो.

आता या माहितीचा संबंध घरातील टेबलावरच्या संगणकाशी आहे, तो असा. हल्ली सुशिक्षित कुटुंबांतील कित्येक मुले, आणि मुलांचे निमित्त करून कित्येक वडीलमंडळीही, संगणकावर विमानयुद्धाचे खेळ खेळतात. त्यांतील काही खेळ केवळ नेमबाजीचे. विमान हे तेथे नुसते वाहन. परंतु काही खेळांचा दावा मोठा असतो. पडद्यावर दिसणारे स्पिटफायर किंवा मिग हे दिसावयास खरे आहेच, शिवाय उडावयासही खरे आहे, असे त्यांचे कर्ते सांगतात. आणि खेळणारेही हा दावा इतक्या गांभीर्याने घेतात की, अमुक विमान तमुक वेगाला किती सेकंदांत वळते यावर त्यांच्यात महिनोन् महिने वाद चालतात. या दाव्याची पहिली परीक्षा ज्याला घ्यावयाची असेल त्याने यवतमाळचा उन्हाळा आणि यवतमाळचा हिवाळा खेळात मांडून पाहावा. चांगल्या खेळांत उष्णतामान बदलता येते. ४५० मीटर उंचीवरील एखादी धावपट्टी घ्यावी, एकदा १० अंश, एकदा ४४ अंश, आणि विमान जमिनीवरून उठेपर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही वेळा अंतर सारखेच आले, तर त्या खेळातील विमान हवेत उडत नसून चित्रात उडते, एवढे निश्चित समजावे.

या खेळांच्या पोटात विमानाचे जे गणित चालते त्याला फ्लाइट मॉडेल असे म्हणतात. येथे त्यास विमानाचे प्रतिमान म्हणू या म्हणजे झाले. त्याची रचना तत्त्वतः अवघड नाही. विमानावर चार प्रकारचे बळ काम करते: वजन, उचल, हवेचा रोध आणि इंजिनाची ओढ. यांशिवाय विमानाला तीन अक्षांभोवती फिरवू पाहणारी बळे असतात. पंखाची उचल ही हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ आणि एक गुणांक यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. त्यांपैकी पहिल्या तीन गोष्टी मोजता येतात. सारी मख्खी आहे ती त्या गुणांकात; कारण तो पंख हवेला कोणत्या कोनात सामोरा जातो यावर, आणि वेग ध्वनीच्या वेगाच्या किती जवळ आहे यावर बदलत राहतो. खेळाचा कर्ता हे गुणांक कोष्टकांत भरून ठेवतो. संगणक सेकंदात अनेक वेळा कोष्टक पाहतो, बळांची बेरीज करतो, आणि पुढच्या क्षणी विमान कोठे असेल ते ठरवितो. दुसरी एक रीत आहे. तिच्यात पंखाचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरील बळ निराळे काढतात. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात निघालेल्या एक्स-प्लेन या प्रसिद्ध खेळाने हीच रीत पत्करली. दोन्ही रीतींचे अभिमानी आपापली रीतच खरी असे सांगतात. वस्तुतः गणित कसे केले याहून गणितात घातलेले आकडे कोठून आणले, हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

जमिनीवर बसून उड्डाण शिकविण्याची कल्पना या खेळांहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत बाजाच्या पेट्या आणि ऑर्गन बनविणाऱ्या कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक याने १९२९ च्या सुमारास भात्यांच्या हवेवर हलणारे एक लाकडी विमान तयार केले. पहिली काही वर्षे जत्रेतील खेळणे म्हणूनच त्याची ओळख होती. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याने अशी सहा यंत्रे घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिकांनी त्यावर धडे गिरविले. लिंकचे यंत्र खऱ्या विमानासारखे उडत होते काय? मुळीच नाही. ढगांत शिरल्यावर बाहेर न पाहता उपकरणांवर भरवसा ठेवावयास शिकविणे एवढेच त्याचे काम होते, आणि ते काम त्याने चोख केले. आजच्या खेळांची अडचण ही की, त्यांनी आपले काम कोठे संपते ते सांगितलेले नाही.

स्पिटफायरचेच उदाहरण घेऊ. हे विमान युद्धाच्या खेळांत सर्वांत लाडके. त्याच्याविषयी लेखी माहितीही उदंड; वेग, चढाई, वळण यांच्या चाचण्यांचे अहवाल आज कोणालाही वाचता येतात. मग त्याचे प्रतिमान बिनचूक व्हावयास हरकत कोणती? हरकत ही की, स्पिटफायर नावाचे एक विमान कधी नव्हतेच. लढाईच्या आरंभीच्या स्पिटफायरचे मर्लिन इंजिन विमानाचे नाक एकदम खाली दाबले असता क्षणभर बंद पडे, कारण कार्ब्युरेटरातील पेट्रोल वर उसळून पुरवठा बिघडत असे. जर्मन विमानांत पेट्रोल थेट आत सोडण्याची व्यवस्था असल्याने ती या युक्तीने निसटून जात. १९४१ च्या आरंभी बीट्रिस शिलिंग या इंजिनियर बाईंनी नळीत बसविण्याची एक लहानशी भोकाची चकती काढली आणि या दुखण्यावर बराचसा उतारा पडला. म्हणजे त्याच कारखान्याचे, त्याच नावाचे विमान १९४० च्या शरदात एका रीतीने वागत होते आणि १९४१ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या. पुढे १९४४ मध्ये अधिक दर्जाचे पेट्रोल आले, इंजिनात दाब अधिक देता येऊ लागला, आणि कमी उंचीवरील वेग पुन्हा वाढला. तेव्हा ज्या खेळात नुसते स्पिटफायर लिहिलेले असेल, त्याला कोणत्या महिन्याचे आणि कोणत्या पेट्रोलवरचे, असे विचारणे हा खोडसाळपणा नव्हे. उत्तम खेळकर्ते हे प्रश्न स्वतःलाच विचारतात, आणि म्हणून त्यांच्या यादीत एका विमानाची चार-चार रूपे असतात.

याहून सूक्ष्म प्रश्न हाताच्या जाणिवेचा. १९४२ मध्ये अमेरिकेतील नॅका या वायुगतिशास्त्रीय संस्थेने एका स्पिटफायरची कसून परीक्षा केली. त्यात असे आढळले की, सरळ उडत असलेल्या विमानाचा पंख त्याच्या शेवटच्या मर्यादेपर्यंत नेण्यास वैमानिकाला दांडा सुमारे पाऊण इंच मागे घेतला तरी पुरे होई. पाऊण इंच म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढेही अंतर नव्हे! तथापि तो दांडा चांगला लांब, दोन गुडघ्यांमध्ये उभा, आणि हवेच्या दाबाने बोटांना सतत उत्तर देणारा असे. खेळणाऱ्याच्या टेबलावरील जॉयस्टिक वीतभर लांबीची असते, आणि तिला मागे ढकलणारी वस्तू म्हणजे एक स्प्रिंग. स्प्रिंगला विमानाचा वेग ठाऊक नसतो. ताशी २०० मैलांना आणि ताशी ४०० मैलांना ती सारख्याच जोराने हात लोटते. खेळकर्त्याने नॅकाचे आकडे प्रामाणिकपणे भरले, तर खेळणारा तक्रार करतो की विमान फारच थरथरते, स्थिर राहत नाही. आणि त्याची तक्रार ऐकून दांड्याचे उत्तर मंद केले, तर विमान हाती धरावयास सोपे होते, परंतु ते मग त्या अहवालातील विमान राहत नाही. यांतील कोणता मार्ग खरा? येथे दोन्ही बाजूंस काही खरे आहे, आणि जो खेळकर्ता हा निर्णय खेळणाऱ्याच्या हाती सोपवून तसे स्पष्ट सांगतो, तो इतरांहून प्रामाणिक समजावा.

शत्रूच्या विमानांचे आकडे तर आणखीच जपून घ्यावयाचे असतात. २३ जून १९४२ रोजी आर्मिन फाबर नावाचा जर्मन वैमानिक दिशा चुकून आपले फोके-वुल्फ १९० हे नवेकोरे विमान घेऊन वेल्समधील पेम्ब्रे येथे उतरला. ब्रिटिशांच्या हाती अनायासे घबाड लागले. त्यांनी ते विमान स्पिटफायरशी जोडीने उडवून पाहिले आणि असा निष्कर्ष काढला की, लहान वर्तुळात वळणे ही एक गोष्ट सोडल्यास जर्मन विमान त्या वेळच्या पाचव्या श्रेणीच्या स्पिटफायरहून सरस आहे. हा अहवाल आजही खेळांच्या वादांत पुरावा म्हणून पुढे येतो. परंतु तो एका विमानाचा, परक्या हातांनी, परक्या तेलपाण्यावर घेतलेला अहवाल आहे. त्याच्या शेजारी जर्मन कारखान्याचे स्वतःचे आकडे ठेवले की दोहोंत फरक पडतो. आणि मग ज्याला जे विमान प्रिय, तो त्याला सोयीचा कागद उचलतो. न्यायालयात दोन्ही पक्षांचे साक्षीदार खरे बोलत असूनही साक्षी जुळू नयेत, तसा हा प्रकार.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळचे विमान म्हणजे मिग-२१. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ मध्ये जो कारखाना स्थापन झाला तो मुख्यतः याच विमानासाठी. मिग-२१ ची शेवटची मोठी आवृत्ती मिग-२१ बिस हीदेखील तेथे बांधली गेली. आणि योगायोग असा की, २०१४ मध्ये डीसीएस या नावाजलेल्या खेळात जे मिग उतरले तेही बिसच. ओझरला ज्या विमानाचे भाग जोडताना कारागिरांच्या एका पिढीचे आयुष्य गेले, ते विमान आता कोणाही मुलाला आपल्या खोलीत चालू करता येते. बॅटरीची कळ, इंजिन सुरू करण्याचा क्रम, सारे जसेच्या तसे.

पण ते उडते कसे? येथे साधा अंकगणिताचा हिशेब बराच प्रकाश पाडतो. नवव्या श्रेणीच्या स्पिटफायरच्या पंखाचे क्षेत्रफळ साडेबावीस चौरस मीटर. मिग-२१ च्या पंखाचे २३. म्हणजे जवळजवळ सारखेच. परंतु स्पिटफायरचे वजन सुमारे ३४०० किलो, आणि दोन क्षेपणास्त्रे घेतलेल्या मिगचे सुमारे ८७०० किलो. दर चौरस मीटर पंखावर एकीकडे दीडशे किलो, तर दुसरीकडे पावणेचारशेहून थोडे अधिक. शिवाय स्पिटफायरचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११ मीटरांहून अधिक लांब, आणि मिगचा त्रिकोणी पंख ७ मीटरांहून किंचित मोठा. उचल निर्माण करण्याची जी किंमत हवा रोधाच्या रूपाने वसूल करते, ती वजन भागिले पंखाची लांबी या भागाकाराच्या वर्गाप्रमाणे वाढते. हा भागाकार मिगच्या बाबतीत चौपट येतो. चौपटीचा वर्ग सोळा. म्हणजे त्याच हवेत त्याच वेगाने उडताना मिगला या एका खात्यावर स्पिटफायरच्या सोळापट कर भरावा लागतो! अर्थात मिग त्या वेगाने उडण्यासाठी जन्मलेलेच नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाने वर जाऊन शत्रू गाठावा आणि परतावे, हा त्याचा धर्म. तरीही उतरताना त्याला संथ व्हावेच लागते, आणि वळणाच्या लढाईत गुंतले तर वेग गमवावाच लागतो. त्या क्षणी हा सोळापटीचा कर देणे येते.

म्हणून मिगच्या प्रतिमानाची परीक्षा त्याच्या कमाल वेगावर करू नये. कमाल वेग छापील माहितीपत्रकात असतो. तो जुळविणे कोणालाही जमते. परीक्षा करावी ती संथपणात. त्रिकोणी पंख नाक खूप वर गेले तरी एकदम दगा देत नाही. पंखाच्या कडेवरून हवेचे भोवरे निघतात आणि उचल टिकवून धरतात. स्पिटफायरला सरावलेला खेळणारा पंख कोसळण्याची वाट पाहत राहतो, आणि इकडे विमान नाक वर करून, इंजिन गर्जत असताना, शांतपणे खाली बसत जाते. ही गोष्ट पडद्यावर दिसली तर प्रतिमान करणाऱ्याने अभ्यास केला असे म्हणावे. दुसरी खूण उतरतानाची. मिग-२१ बिसमध्ये इंजिनातून काढलेली हवा पंखाच्या मागील झडपांवरून सोडतात, म्हणजे संथ वेगातही प्रवाह झडपेला चिकटून राहतो. परंतु ही हवा इंजिन फिरते आहे तोवरच. धावपट्टी जवळ आली म्हणून घाईने इंजिन आवळले, की हवेचा हा उसना आधारही आटतो आणि विमान जमिनीकडे ओढले जाते. पुस्तकात हे एका वाक्यात लिहिलेले असते. प्रतिमानात ते असले तर खेळणारा एकदा आपटून आयुष्यभर लक्षात ठेवतो.

यानंतरचा प्रश्न नाजूक आहे. मिग-२१ जुने, त्याच्या पुस्तिका पुष्कळ देशांत पसरलेल्या. तेव्हा माहिती मिळाली. आजच्या विमानांचे काय? त्यांचे खरे आकडे सरकारी तिजोऱ्यांत असतात, आणि खेळणाऱ्यांचा अचूकपणाचा हव्यास तेथपर्यंतही पोहोचला आहे. २०१९ मध्ये अशाच एका खेळाच्या निर्मितीशी संबंधित असलेल्या एका रशियन गृहस्थावर एफ-१६ विमानाच्या पुस्तिका देशाबाहेर नेण्याच्या प्रयत्नाबद्दल अमेरिकेत खटला चालला. २०२१ मध्ये वॉर थंडर या खेळातील ब्रिटिश रणगाडा चुकीचा दाखविला आहे हे सिद्ध करण्याच्या भरात एकाने त्या रणगाड्याच्या गोपनीय पुस्तिकेतील पाने चारचौघांत मांडली. पुढील दोन वर्षांत लढाऊ विमानांच्या बाबतीतही असेच प्रकार घडले. खेळातील वाद जिंकण्यासाठी राष्ट्राचे गुपित उघडे करावे, याला वेडाचाराखेरीज दुसरा शब्द नाही. ज्यांच्या घरी सैन्यात किंवा संरक्षण कारखान्यात काम करणारे कोणी आहे आणि त्याच घरात असा खेळही आहे, त्यांनी ही गोष्ट मुलांना एकदा स्पष्ट बजावून ठेवलेली बरी.

कागद नसेल तर वैमानिकालाच विचारावे, असा सोपा मार्ग कोणी सुचवील. खेळकर्ते तसे करतातही. निवृत्त वैमानिक येतात, जॉयस्टिक धरतात, आणि अगदी असेच होते हो, म्हणतात. त्यांचे म्हणणे मोलाचे खरेच. पण अनुभवी वैमानिकाच्या हाताला जे जाणवते ते आकड्यात कसे उतरवावे, हा प्रश्न खुद्द विमानशास्त्राला अनेक वर्षे पडला होता. १९६९ मध्ये कूपर आणि हार्पर या दोघा अमेरिकनांनी त्यासाठी एक ते दहा अशी श्रेणी ठरवून दिली. एक म्हणजे उत्तम, दहा म्हणजे ताबा अशक्य. ही श्रेणी देताना वैमानिकाला आधी नेमके काम नेमून दिलेले असते, आणि त्या कामापुरताच त्याचा अभिप्राय घेतात. तीस वर्षांपूर्वीच्या उड्डाणाची आठवण आणि स्प्रिंगच्या दांड्यावरील दहा मिनिटे यांची तुलना त्या कसोटीला उतरत नाही. भारताच्या तेजस विमानाची कथा या बाबतीत बोलकी आहे. तेजसचे नियंत्रण संगणकाच्या हाती असल्याने बंगळूरला जमिनीवरील सिम्युलेटरवर त्याचा कसून अभ्यास झाला. तरी तेवढ्यावर न थांबता तेजसचे नियंत्रणनियम अमेरिकेत दुसऱ्याच विमानांत भरून, खऱ्या हवेत उडवून पाहण्यात आले. आणि नंतरच ४ जानेवारी २००१ रोजी राजीव कोठियाल यांनी तेजस प्रथम हवेत नेले. ज्यांच्यापाशी सर्व आकडे होते, त्यांनीही जमिनीवरील प्रतिमानाला शेवटचा शब्द मानले नाही.

आता सर्वांत गंभीर मुद्द्याकडे यावयाचे. पंखाचा हवेशी कोन मर्यादेबाहेर गेला म्हणजे पंखावरील प्रवाह सुटतो आणि उचल ढासळते. वैमानिक यास स्टॉल म्हणतात. स्टॉलच्या अलीकडील उड्डाणाचे आकडे विपुल असतात, कारण विमाने तेथेच उडतात. पलीकडील प्रदेश मात्र अंधुक. तेथे प्रवाह क्षणोक्षणी बदलतो, डावा पंख आणि उजवा पंख निरनिराळे वागतात, आणि त्याच कोनात विमान वर जाताना एक उचल व खाली येताना दुसरीच उचल मिळते. विमान गिरक्या घेत पडू लागले म्हणजे तर चाचणी घेणाऱ्याच्या जिवाशीच गाठ. म्हणून तेथील कोष्टके बहुधा रिकामी असतात, आणि रिकाम्या रकान्यांत प्रतिमानकर्त्याला तर्काने काही तरी भरावे लागते. विमानयुद्धाचा खेळ नेमका याच प्रदेशात वारंवार शिरतो. प्रवासी विमान आयुष्यभर स्टॉलपासून दूर राहते. पडद्यावरील लढवय्या दर दोन मिनिटांनी तेथे डोकावतो. आणि पडदा तर ज्ञात आणि तर्क यांत भेद करीत नाही. मोजलेले उड्डाण जितक्या सफाईने दिसते, तितक्याच सफाईने कल्पिलेली गिरकीही दिसते.

ही केवळ खेळापुरती गोष्ट नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन कंपनीचे एक प्रवासी विमान स्टॉल होऊन घरावर कोसळले आणि ५० माणसे दगावली. दांडा पुढे लोटून नाक खाली करावयाचे, तेथे वैमानिकाने तो मागे ओढला होता. त्याच वर्षी १ जून रोजी एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकवर ३८,००० फुटांवरून साडेतीन मिनिटांत समुद्रात गेले. २२८ माणसे त्यात होती, आणि येथेही नाक वरच धरून ठेवलेले होते. हे वैमानिक कोट्यवधी रुपयांच्या, सरकारने तपासून मान्य केलेल्या सिम्युलेटरांवर शिकलेले होते. परंतु त्या सिम्युलेटरांचे प्रतिमान स्टॉलच्या उंबरठ्यापर्यंतच तपासलेले असे. शिक्षणही उंबरठ्यावरच थांबे: इशारा वाजला, इंजिन वाढवा, उंची सोडू नका. पलीकडे गेल्यावर विमान कसे वागते हे कोणी दाखविलेच नव्हते, कारण ते दाखविण्याजोगे प्रतिमानच नव्हते. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने नियम केला की, पूर्ण स्टॉलचे शिक्षण ज्या सिम्युलेटरवर द्यावयाचे, त्याचे प्रतिमान त्या प्रदेशासाठी निराळे तयार करून तपासलेले असले पाहिजे, आणि शिक्षकाला शिकणाऱ्याचे विमान प्रतिमानाच्या खात्रीच्या मर्यादेत आहे की बाहेर गेले, हे आपल्या पडद्यावर दिसले पाहिजे.

ही शेवटची अट लक्षात घेण्याजोगी आहे. शिक्षकाच्या पडद्यावर एक मर्यादा आखलेली असते; तिच्या आत जे घडते ते चाचणीच्या आधाराचे, बाहेर घडते ते तर्काचे. विमानयुद्धाच्या खेळांत अशी आखणी बसविणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही. कोष्टकातील कोणता रकाना कोणत्या अहवालावरून भरला आणि कोणता अंदाजाने, हे कर्त्याला पक्के ठाऊक असते. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसा दिवा ठेवला तरी भागेल. अद्याप तशी रीत पडलेली नाही, आणि त्याचे कारण उघड आहे: आपले विमान किती वेळ अंदाजावर उडते, हे गिऱ्हाइकाला दाखविण्याची हौस कोणत्या दुकानदाराला असणार?

वैमानिक व्हावयास निघालेल्या मुलाला हे खेळ उपयोगी काय, असा प्रश्न आईबाप हटकून विचारतात. उपकरणांची ओळख, नकाशा, बोलण्याची परिभाषा, कोणत्या क्रमाने काय करावयाचे याची शिस्त, एवढे चांगल्या खेळातून खरोखर मिळते. मात्र पुढे खऱ्या विमानात बसल्यावर अशा विद्यार्थ्यांची नजर बाहेरील क्षितिजाऐवजी आतील घड्याळांवरच खिळून राहते, अशी प्रशिक्षकांची तक्रार असते. आणि पायांचे काम त्यांना नव्याने शिकवावे लागते. खुर्ची अंगाला काहीच सांगत नाही, म्हणून डोळ्यांवर सारा भार टाकावयाची सवय जडते. ही सवय मोडते, पण वेळ घेऊन.

मिग-२१ भारतीय हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाले. साठाहून अधिक वर्षांची ती सेवा. आता त्याच्या स्टॉलविषयी किंवा उतरण्याविषयी खेळात काही चुकीचे आढळले, तर उडवून पाहून खात्री करावयास हवाई दलापाशी उडते मिग उरलेले नाही. उरले आहेत ते जुन्या चाचण्यांचे कागद, आणि नाशिकपासून तेजपूरपर्यंत विखुरलेले, आता वृद्ध होत चाललेले वैमानिक व कारागीर. त्यांतील कित्येकांच्या नातवंडांच्या संगणकावर ते विमान आहे. आजोबांना जवळ बसवून, येथे ते कसे वागत असे, हे नेमक्या वेगाला, नेमक्या वजनाला, नेमक्या उंचीवर विचारावे आणि उत्तर तारीख घालून वहीत उतरवून घ्यावे. आठवणीत न बसणाऱ्या प्रश्नाला आजोबा आठवत नाही असे म्हणतील. वहीत तेही तसेच लिहावे.